अमेरिकेतल्या एका काउंटीत शेती-अनुदान कसे पोहोचते

अमेरिकेतील शेती-अनुदानाचा विषय आपल्याकडे बहुधा जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटींच्या निमित्ताने निघतो आणि 'तिथले सरकार शेतकऱ्यांना अब्जावधी डॉलर वाटते' या एका वाक्यावर संपतो. हे वाक्य खोटे नाही. पण तो पैसा कोणत्या हिशेबाने निघतो, कुणाच्या खात्यावर जमा होतो आणि कुणाला हुलकावणी देतो, याचा त्यातून काहीच उलगडा होत नाही. संपूर्ण देशाचा आकडा घेऊन बसण्यापेक्षा एखादी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग, समोर ठेवली, तर ही यंत्रणा पुष्कळ सोपी वाटू लागते. या लेखासाठी वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहो राज्याच्या सीमेला लागून असलेली व्हिटमन काउंटी घेतली आहे.

ही काउंटी पलूस नावाच्या प्रदेशात येते (सांगली जिल्ह्यातील पलूसशी त्याचा संबंध नाही). वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीच्या लाटांसारख्या टेकड्या, त्यांवर पावसाच्या पाण्यावर होणारा गहू, आणि गव्हाच्या फेरपालटात हरभरा, मसूर व वाटाणा, असे तिथले चित्र आहे. देशात सर्वाधिक गहू पिकवणाऱ्या काउंट्यांमध्ये व्हिटमनची गणना होते. इथला मऊ पांढरा गहू स्नेक आणि कोलंबिया या नद्यांतून बार्जेसवर लादून पोर्टलंडच्या बंदरात जातो आणि तिथून जपान, फिलिपाइन्स, दक्षिण कोरिया अशा देशांत केक, बिस्किटे व शेवयांसाठी विकला जातो. कोलफॅक्स हे काउंटीचे मुख्य गाव असून पुलमन या मोठ्या गावात राज्याचे विद्यापीठ आहे.

अनुदानाचा कारभार कृषी खात्याच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडे असतो. देशभर तिची दोन हजारांहून अधिक स्थानिक कार्यालये आहेत आणि प्रत्येक कार्यालयावर त्या भागातील शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली, तीन ते अकरा सदस्यांची काउंटी समिती असते. ही रचना १९३०च्या दशकातली आहे. १९३३ साली, मंदीने शेतमालाचे भाव कोसळले असताना, रूझवेल्ट सरकारने पीकक्षेत्र कमी करणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे देण्याचा कायदा केला. त्यासाठी मालावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांवर कर बसवला होता. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली आणि त्यानंतर १९३८ मध्ये नवा कायदा आला. तेव्हापासून दर काही वर्षांनी 'फार्म बिल' या नावाने नियम बदलत राहिले आहेत. १९९६ मध्ये पेरणीवरची बंधने बहुतांशी उठवून ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली. भाव तेजीत असतानाही ती रक्कम मिळते, अशी टीका वाढल्यावर २०१४ मध्ये ती बंद करण्यात आली आणि आजच्या दोन मुख्य योजना सुरू झाल्या.

या दोन्ही योजना समजण्यासाठी आधी 'बेस एकर' ही कल्पना नीट लक्षात घ्यावी लागते, कारण सारे गणित तिच्यावर उभे आहे. कोलफॅक्सच्या कार्यालयातील खिडकीवर शेतकरी गेला की त्याच्या जमिनीचा हवाई छायाचित्रावर आखलेला नकाशा समोर येतो. त्यावर फार्म, ट्रॅक्ट आणि शेत अशा तीन पायऱ्यांचे क्रमांक असतात. प्रत्येक फार्मच्या नावापुढे अमुक इतके एकर गव्हाचे बेस, अमुक इतके बार्लीचे बेस अशी नोंद असते. ही नोंद यंदाच्या पेरणीची नसते. कित्येक वर्षांपूर्वी त्या जमिनीवर काय पिकत होते, यावरून ती ठरलेली असते. २००२ मध्ये तिच्यात सुधारणा करण्याची मुभा मिळाली, २०१४ मध्ये पिकापिकांत फेरवाटप करता आले आणि २०२५च्या कायद्याने देशभरात तीन कोटी एकरांपर्यंत नव्या बेसची भर घालण्याची तरतूद केली. एवढे बदल सोडले तर नोंद जमिनीबरोबर चालत राहते. जमीन विकली तर नोंदही नव्या मालकाकडे जाते.

याचा अर्थ असा की, ज्या शेतात यंदा हरभरा उभा आहे, त्या शेताच्या नावे गव्हाचा बेस असेल तर पैसे गव्हाच्या हिशेबाने मिळतील. गव्हाचा भाव पडला आणि हरभऱ्याला चांगला भाव मिळाला, तरी गव्हाचे अनुदान येईल. उलट हरभऱ्याचा भाव कोसळला आणि गव्हाचा टिकून राहिला, तर त्या शेतकऱ्याला या योजनेतून काहीच मिळणार नाही. वरकरणी हे विचित्र वाटते, पण त्यामागे हेतू आहे. पैसा चालू पेरणीशी जोडला, तर शेतकरी बाजाराकडे न पाहता अनुदानाकडे पाहून पेरणी करेल आणि मालाचा पूर येईल, अशी भीती होती. शिवाय जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत पेरणीपासून तोडलेले अनुदान कमी आक्षेपार्ह ठरते. हेतू समजण्यासारखा असला, तरी त्याचा परिणाम म्हणून आजच्या नुकसानीपेक्षा कालच्या दप्तराला अधिक वजन आले आहे, असे माझे मत आहे. काउंटीच्या अनुदानाचा कोणताही आकडा वाचताना हे विसरून चालत नाही.

आता हिशेब. पहिल्या योजनेचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव पीएलसी असे आहे आणि तिचा गाभा आपल्याकडच्या भावांतर योजनेसारखा आहे. कायद्यात प्रत्येक पिकाचा एक संदर्भभाव लिहिलेला असतो. तो हमीभाव नव्हे. त्या भावाने सरकार माल विकत घेत नाही. संपूर्ण विपणन वर्षात देशभर शेतकऱ्यांना मिळालेला सरासरी भाव संदर्भभावापेक्षा कमी निघाला, तर फरकाची रक्कम दिली जाते. गव्हाचा संदर्भभाव बुशेलला, म्हणजे सुमारे २७ किलोला, ५.५० डॉलर होता. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने तो ६.३५ डॉलर केला.

समजा, एका फार्मवर १,००० एकर गव्हाचा बेस आहे, त्याचा नोंदलेला उतारा एकरी ६० बुशेल आहे आणि वर्षाचा राष्ट्रीय सरासरी भाव ५ डॉलर निघाला. फरक १.३५ डॉलर, त्याला ६० ने आणि १,००० ने गुणायचे आणि आलेल्या रकमेच्या ८५ टक्के घ्यायचे, असा नियम आहे. ही रक्कम ६८,८५० डॉलर होते. अर्थसंकल्पी तूट आवरण्यासाठी लागू असलेली ५.७ टक्क्यांची सक्तीची कपात वजा जाता हातात सुमारे ६४,९०० डॉलर पडतात. हाच हिशेब जुन्या ५.५० डॉलरच्या संदर्भभावाने केला, तर कपातीपूर्वीची रक्कम २५,५०० डॉलरच निघते. शेतात काहीही न बदलता, कायद्यातील एक आकडा बदलल्याने रक्कम अडीचपटीहून अधिक झाली. अमेरिकेतील शेतकरी संघटना संदर्भभावासाठी एवढ्या हिरिरीने का लढतात, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

या हिशेबात शेतकऱ्याचा यंदाचा उतारा नाही आणि त्याला प्रत्यक्ष मिळालेला भावही नाही. राष्ट्रीय सरासरीत कॅन्ससचा कठीण लाल गहू, डकोटांचा वसंत ऋतूतील गहू आणि पलूसचा मऊ पांढरा गहू एकत्र मोजले जातात. पोर्टलंडला पांढऱ्या गव्हाचा भाव पडला, पण कॅन्ससकडे तेजी राहिली, तर व्हिटमनच्या शेतकऱ्याला सरासरीच्या आकड्याकडे नुसते पाहत बसावे लागते.

दुसरी योजना, एआरसी, भावाऐवजी एकरी उत्पन्नाकडे पाहते. काउंटीचा गेल्या पाच वर्षांचा उतारा आणि पाच वर्षांचा भाव घेऊन, त्यांतले सर्वांत वरचे व सर्वांत खालचे वर्ष वगळून, एक पायाभूत उत्पन्न काढले जाते. चालू वर्षी काउंटीचे उत्पन्न त्याच्या ८६ टक्क्यांखाली गेले, तर कमी पडलेली रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत भरून दिली जाते. २०२५च्या कायद्याने हा उंबरठा ९० टक्क्यांवर नेला आहे. कोणत्या बेससाठी कोणती योजना घ्यायची, हे शेतकऱ्याने एरवी भाव कळण्यापूर्वीच सांगायचे असते. २०२५च्या पिकापुरती मात्र दोन्हींपैकी जी रक्कम जास्त निघेल ती द्यावी, अशी सोय करण्यात आली.

एआरसीमधील अडचण व्हिटमन काउंटीत फार स्पष्ट दिसते. काउंटीच्या पश्चिम भागात, लाक्रॉसच्या बाजूला, वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एक वर्ष गहू व एक वर्ष जमीन पडीक अशी पद्धत चालते. पूर्वेला पुलमनकडे तोच पाऊस पाचशे मिलिमीटरच्या वर जातो आणि दर वर्षी पीक घेता येते. पश्चिमेचे पीक करपले आणि पूर्वेचे उत्तम आले, तर काउंटीची सरासरी ठीकठाक राहते आणि करपलेल्या शेताच्या मालकाला या योजनेतून एक डॉलरही मिळत नाही. आपल्याकडे महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावरून विम्याची भरपाई ठरते, तेव्हा जी कुरबुर ऐकू येते, तिचेच हे दुसरे रूप आहे. वैयक्तिक उताऱ्यावर चालणारा एक पर्याय एआरसीमध्ये आहे, पण तो फार थोडे शेतकरी निवडतात.

रक्कम ठरली की ती घेणारा 'इसम' कोण, हा प्रश्न येतो. कायद्याने दर वर्षी दर इसमामागे १,२५,००० डॉलरची मर्यादा घातलेली होती; ती आता १,५५,००० केली आहे. ज्याचे कराच्या हिशेबातले सरासरी समायोजित ढोबळ उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर आहे, त्याला सर्वसाधारणपणे ही मदत नाही. शिवाय घेणारा 'शेतीत प्रत्यक्ष गुंतलेला' असला पाहिजे, म्हणजे त्याने जमीन, भांडवल किंवा यंत्रे यांच्यासोबत श्रम वा व्यवस्थापन यांपैकी काहीतरी पुरवले पाहिजे. यासाठी सीसीसी-९०२ नावाचा अर्ज भरून कोण काय पुरवतो, याची टक्केवारी द्यावी लागते. पळवाट इथेच आहे. नवरा-बायको दोघे स्वतंत्र इसम धरले जातात. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदाराला वेगळी मर्यादा मिळते. २०१८च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडे, भाचे आणि पुतणे यांचाही समावेश केला, आणि व्यवस्थापनाचे योगदान फोनवरूनही देता येते. त्यामुळे मर्यादा कागदावर कडक आणि व्यवहारात लवचीक आहे. मोठ्या कुटुंबाच्या भागीदारीला ती सहसा अडवत नाही.

जमीन खंडाने कसणाऱ्याचे काय, हा मराठी वाचकाला साहजिक पडणारा प्रश्न आहे, कारण पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये आणि त्यावर महाराष्ट्र सरकारचे ६,००० रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्याच कुटुंबाला मिळतात, बटईने कसणाऱ्याला नाही. अमेरिकेत नियम उलट आहे. रोख खंडाने जमीन घेतली असेल, तर अनुदान कसणाऱ्याला मिळते; पिकाच्या वाट्याने घेतली असेल, तर मालक आणि कसणारा यांच्यात वाट्याच्या प्रमाणात विभागले जाते. पलूसमध्ये वाट्याची पद्धत जुनी आहे आणि मालकाचा एक तृतीयांश वाटा असणे तिथे नवलाचे नाही. नियम न्याय्य दिसतो. पण जमिनीला अनुदान चिकटलेले आहे हे मालकालाही ठाऊक असते, आणि करार नव्याने करताना तो खंड वाढवून त्यातला काही भाग आपल्याकडे ओढून घेतो. हे मालक पुष्कळदा शहरात स्थायिक झालेले जुन्या शेतकऱ्यांचे वारस असतात. यादीत कसणाऱ्याचे नाव येते, त्याचा फायदा मात्र थोडाफार पाझरत दुसरीकडे पोहोचतो.

आतापर्यंत सांगितले ते 'अनुदान' म्हणून मोजले जाते. त्याहून मोठा आणि कमी दिसणारा आधार पीक विम्याचा आहे. १९३८ मध्ये सरकारी पातळीवर सुरू झालेली ही व्यवस्था १९८० नंतर खासगी कंपन्यांमार्फत चालू लागली. शेतकरी स्वतःच्या गेल्या चार ते दहा वर्षांच्या उताऱ्यावर आणि वायदे बाजारातून ठरणाऱ्या भावावर आधारित उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत विमा उतरवू शकतो. देशाच्या सरासरीने पाहता हप्त्याचा साठ टक्क्यांहून अधिक भाग सरकार भरते, आणि कंपन्यांचा कारभार-खर्चही सरकारच उचलते. हप्त्यावरील अनुदानाचा खर्च अलीकडे वर्षाला दहा अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. २०२१च्या जून अखेरीस वायव्य अमेरिकेत आलेली उष्णतेची लाट आणि त्या वर्षीचा दुष्काळ यांनी वॉशिंग्टनचा गहू होरपळला, तेव्हा शेतकऱ्याला आधार दिला तो विम्याने. गव्हाचे भाव चढलेले असल्यामुळे पीएलसी त्या वर्षी गप्प होती.

विमा खऱ्या नुकसानीशी जोडलेला आहे, त्यामुळे माझ्या दृष्टीने तो या सगळ्या पसाऱ्यातला सर्वांत समर्थनीय भाग आहे. तरी दोन गोष्टी खटकतात. हप्त्याच्या अनुदानाला इसमामागे कोणतीही मर्यादा नाही आणि उत्पन्नाची अटही नाही, त्यामुळे जितके एकर जास्त तितकी मदत जास्त. आणि कोणत्या शेतकऱ्याला किती हप्ता-अनुदान मिळाले, हे जाहीर होत नाही. एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था १९९५ पासूनच्या अनुदानाची काउंटीवार आणि नावनिहाय माहिती लोकांसमोर ठेवते, ती माहितीच्या अधिकाराखाली कृषी खात्याकडून मिळवलेली असते. विम्याच्या बाबतीत मात्र तिलाही व्यक्तीपर्यंत पोहोचता येत नाही. कोलफॅक्सच्या कॉफीच्या दुकानात शेजाऱ्याचे अनुदान शोधून बघता येते, पण त्याच्या विम्याचा हप्ता सरकारने किती भरला, ते कळत नाही.

टेकड्यांच्या उतारांसाठी एक वेगळी योजना आहे. पलूसची माती सुपीक, पण उतारावरून वाहून जाणारी. १९७०च्या दशकात कृषी खात्याने केलेल्या पाहणीत लागवडीखालच्या दहा टक्के जमिनीवरचा मूळ थर पूर्ण नाहीसा झालेला आढळला, तर आणखी साठ टक्के जमिनीवरचा पाव ते पाऊण थर गेलेला होता. १९८५च्या कायद्याने अशी जमीन दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने गवताखाली ठेवण्यासाठी वार्षिक भाडे द्यायला सुरुवात केली. याच कायद्याने घातलेल्या अटीनुसार, धूप होणाऱ्या जमिनीवर मान्य आराखड्याशिवाय शेती केली, तर इतर अनुदानही थांबते. २०१४ पासून विम्याच्या हप्त्यावरही ती अट आहे. एका काउंटीतील लागवडयोग्य जमिनीपैकी साधारणपणे पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन या करारात घेता येत नाही, कारण शेत पडीक राहिले की बी-बियाणे, खत आणि यंत्रदुरुस्ती यांवर जगणाऱ्या गावांचा धंदा बसतो.

आता आपल्याशी थेट जोडलेला धागा. २०१६-१७ मध्ये भारतात कडधान्याचे विक्रमी पीक आले, महाराष्ट्रात तुरीच्या खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या आणि भाव हमीभावाच्या खाली गेले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने हरभरा आणि मसूर यांच्या आयातीवर ३० टक्के शुल्क लावले आणि हरभऱ्यावरचे पुढच्या काही महिन्यांत आणखी वाढवले. लातूर-अकोल्याच्या शेतकऱ्याला दिलासा देणाऱ्या या निर्णयाचा फटका पलूसच्या हरभऱ्याला बसला, कारण भारत ही कडधान्याची जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर शुल्क लावले, आणि जुलैपासून चिनी मालावर वेगळे शुल्क लावले. चीनने सोयाबीन व गव्हावर, आणि जून २०१९ मध्ये भारताने अमेरिकी हरभरा, मसूर, बदाम व सफरचंदांवर प्रत्युत्तरादाखल जादा शुल्क लावले. हे जादा शुल्क भारताने सप्टेंबर २०२३ मध्ये मागे घेतले.

या व्यापारयुद्धाच्या भरपाईसाठी अमेरिकी सरकारने २०१८ मध्ये १२ अब्ज आणि २०१९ मध्ये १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. पहिल्या वर्षी सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, गव्हाला १४ सेंट आणि मक्याला एक सेंट, असे दर होते. हरभऱ्याचे नाव थेट मदतीच्या यादीत नव्हते. दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. यादीत हरभरा आणि मसूर आले, आणि पिकानुसार दर देण्याऐवजी प्रत्येक काउंटीला एकरी १५ ते १५० डॉलरच्या दरम्यान एकच दर ठरवून दिला. त्यामुळे सोयाबीन पिकवणाऱ्या काउंटीत एकरी मोठी रक्कम आणि काउंटीची सीमा ओलांडली की तशाच शेताला वेगळी रक्कम, असा प्रकार झाला. ही मदत कृषी खात्याच्या कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनमधून देण्यात आली. १९३३ पासूनच्या या महामंडळाला ३० अब्ज डॉलरपर्यंत कर्ज काढता येते, त्यामुळे मंत्र्याला अशा मदतीसाठी दर वेळी संसदेकडे जावे लागत नाही.

अशी तातडीची मदत आता अपवाद राहिलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने १० अब्ज डॉलर मंजूर केले, त्यांतून २०२५ मध्ये गव्हासाठी एकरी ३०.६९ डॉलरचा दर ठरला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये आणखी १२ अब्ज डॉलरची घोषणा झाली. पीएलसी आणि एआरसी असताना पुन्हा ही मदत कशासाठी, याचे कारण पुष्कळसे तारखांमध्ये आहे. व्हिटमन काउंटीत ऑगस्ट २०२५ मध्ये कापलेल्या गव्हाचे विपणन वर्ष मे २०२६च्या अखेरीस संपते, सरासरी भाव त्यानंतर ठरतो आणि पैसे ऑक्टोबर २०२६ पूर्वी निघूच शकत नाहीत. शेतकऱ्याला मात्र पुढच्या हंगामाचे कर्ज बँकेकडून वसंत ऋतूपूर्वी मिळवायचे असते आणि बँक अधिकारी येणाऱ्या अनुदानापेक्षा खात्यावरची शिल्लक पाहतो. म्हणूनच डिसेंबर २०२५च्या मदतीला सरकारने 'पूल' असे नाव दिले आणि रक्कम फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत पोहोचवण्याचे जाहीर केले.